आभाळांतून आलेली तार

बदलापूर या गांवाचें नांव कसें पडलें याविषयीं एक आख्यायिका त्या बाजूस अजून सांगतात. घाट उतरून कोंकणांत आणि तेथून गुजराथेकडे जाणारे स्वार या ठिकाणीं थकलेले घोडे सोडीत व ताजे घोडे घेत. घोडे बदलण्याचें गांव तें बदलापूर. ही व्युत्पत्ति कितपत टिकेल तें भाषाशास्त्रज्ञांनीं पाहावें. मला ती आवडते ती निराळ्या कारणानें. दूरचा निरोप एका दमांत जात नाहीं, त्याला वाटेंत कोठें तरी नवा जोर मिळावा लागतो, ही दळणवळणाच्या शास्त्रांतील पहिली गोष्ट त्या नांवांत आयती सांपडते. आज ज्या उपग्रहांविषयीं बोलावयाचें आहे त्यांचें काम तरी दुसरें काय आहे? जमिनीवरून थकून आलेली लहर घ्यावयाची, तिला जोर द्यावयाचा आणि पुन्हां खालीं धाडावयाची. अंतराळांतलें बदलापूरच तें.

प्रश्न असा आहे कीं, चोहोंकडे पाणी असलेल्या जागीं, एखाद्या बेटावरच्या साध्या घरांत, उपग्रहावरून येणारें इंटरनेट व्यवहारांत उपयोगी पडेल काय? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तिन्ही शहरें समुद्रापासून दूर, उल्हास नदीच्या खोऱ्यांत लोहमार्गाच्या कडेला वसलेलीं. येथील श्रोत्यांना बेटांची उठाठेव कशाला, असें कोणी म्हणेल. त्याला २७ जुलै २०१९ या दिवसाची आठवण द्यावी. आदल्या रात्रीं मुंबईहून कोल्हापुराकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरांत अडकून पडली. हजारावर उतारू डब्यांत, आणि खिडकीबाहेर जिकडेतिकडे गढूळ पाणी. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या नावा, नौदलाचे पाणबुडे आणि हेलिकॉप्टरें यावीं लागलीं, तेव्हां सर्वांची सुटका झाली. एक आगगाडी पाहतां पाहतां बेट झाली होती. त्यापूर्वींचा २६ जुलै २००५ हा दिवस तर कोणीच विसरलें नसेल. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उल्हासच्या खोऱ्यांतहि घरांत पाणी शिरलें, वीज गेली, आणि विजेच्या पाठोपाठ ठिकठिकाणचे टेलिफोन व मोबाइल मुके झाले. आपला माणूस कोठें अडकला आहे हें घरीं बसलेल्यांना रात्रभर कळेना. बेट म्हणजे नकाशावरचा ठिपकाच असावा लागतो असें नाहीं.

असा प्रसंग आला म्हणजे घराला जगाशीं जोडणारा धागा कोणता असावा? समुद्राच्या अथवा जमिनीच्या पोटांतून जाणारा, कीं आभाळांतून येणारा? हा वाद आजचा नव्हे. गेलीं दीडशें वर्षें तो चालू आहे, आणि कधीं पाण्याची तर कधीं आभाळाची सरशी होत आली आहे.

मुंबई स्वतः सात बेटांची नगरी. तिला विलायतेशीं जोडण्याचें काम प्रथम पाण्यानें केलें. १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजानें मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशीं तार अंथरली आणि त्याच वर्षीं ती पुढें इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत जोडली गेली. ज्या पत्राला आठवडेच्या आठवडे लागत, तोच मजकूर कांहीं तासांत पोंचूं लागला. पुढें पन्नास-पाऊणशें वर्षें तारेचें हें राज्य निर्वेध चाललें. मग १९२७ सालीं आपल्या पुणें जिल्ह्यांत, खडकीस व दौंडास, ‘बीम’ पद्धतीचीं बिनतारी केंद्रें उभीं राहिलीं. लघुलहरींवरून विलायतेस निरोप जाऊं लागले, तेहि तारेपेक्षां स्वस्त दरांत. तार कंपन्यांचें गिऱ्हाइक इतक्या झपाट्यानें तुटूं लागलें कीं, १९२९ सालीं साम्राज्यांतील तार व बिनतारी हे दोन्ही व्यवसाय एका छपराखालीं आणावे लागले. समुद्रांत बुडविलेलें भांडवल आभाळानें बुडवूं नये, एवढीच ती खटपट होती.

बेटांच्या बाबतींत मात्र आभाळ आधीच पुढें होतें. भारतांत बिनतारी तारायंत्राचा आरंभ झाला तोच मुळीं एका बेटाच्या निमित्तानें. १९०२ सालीं हुगळीच्या मुखावरील सागर बेट आणि त्यापुढील सॅन्डहेड्स यांच्यामध्यें बिनतारी संदेश सुरू झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अंदमानांतील पोर्ट ब्लेअर ब्रह्मदेशच्या किनाऱ्याजवळील डायमंड बेटाशीं याच रीतीनें जोडलें गेलें. ज्या अंदमानांत राजबंद्याला घरीं वर्षाकांठीं एक पत्र धाडण्याची मुभा असे, त्याच अंदमानांतून सरकारचा निरोप हवेंतून क्षणार्धांत जात होता. साधन बेटावर पोंचलें म्हणजे तें बेटावरच्या माणसाच्या हातीं पोंचलें असें धरून चालतां येत नाहीं. ही गोष्ट पुढेंहि लक्षांत ठेवावी लागेल.

उपग्रहाची कल्पना कागदावर स्पष्ट मांडली ती आर्थर क्लार्क या इंग्रज गृहस्थानें, १९४५ सालीं, ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकांत. विषुववृत्तावर सुमारें ३६ हजार किलोमीटर उंचीवर एखादी वस्तु फिरत ठेवली तर ती पृथ्वीच्याच गतीनें फिरेल आणि खालून पाहणाराला एका जागीं खिळल्यासारखी दिसेल. अशा तीन वस्तू मिळून बहुतेक सगळ्या पृथ्वीला निरोप पोंचवितील, असें त्याचें गणित होतें. लोकांना ती कादंबरी वाटली असल्यास नवल नाहीं. पण पुरतीं तीस वर्षें व्हावयाच्या आंत त्या गणिताची प्रचीति महाराष्ट्राला आली. १९७१ सालीं जुन्नर तालुक्यांत आर्वी येथें परदेशांशीं उपग्रहद्वारां बोलणारें देशांतील पहिलें व्यापारी भूकेंद्र सुरू झालें. विक्रम साराभाई यांचें नांव त्या केंद्राला आहे. सुमारें तीस मीटर व्यासाची ती तबकडी डोंगरांच्या वाटींत बसविली होती, कारण शहरांतल्या विद्युल्लहरींचा गोंगाट डोंगर अडवितात. एका देशाला जगाशीं बोलतां यावें यासाठीं तीस मीटरांची तबकडी! एका घराला बोलतां यावें यासाठीं आज हातभर रुंदीची पाटी पुरते. मधल्या पन्नास वर्षांत काय घडलें तें या दोन मापांत आलें.

आतां मूळ प्रश्नाकडे, म्हणजे बेटावरच्या घराकडे येऊं. घरीं छत्री लावून उपग्रहाचें चित्र पाहणारें बेटावरचें एक अगदीं आरंभींचें घर आपल्या शेजारींच होतें, आणि तें खुद्द क्लार्क यांचें होतें. ते सिंहलद्वीपांत कोलंबोस राहत. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर आपल्या देशानें एक मोठा प्रयोग केला. अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांना शेतीचे, आरोग्याचे व शिक्षणाचे कार्यक्रम थेट दाखविले गेले. जाळीच्या छत्र्या आपल्याच अभियंत्यांनीं तयार केलेल्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, हें जातां जातां सांगून टाकतों. आपल्या अवकाश संस्थेनें सौजन्य म्हणून तशी एक तबकडी कोलंबोला क्लार्क यांच्या घरीं बसवून दिली. सिंहलद्वीपांत तेव्हां दूरचित्रवाणीच नव्हती. ती १९७९ सालीं आली. म्हणजे सबंध बेटावर कार्यक्रम दिसे तो जणूं एका घरांत.

परंतु ३१ जुलै १९७६ रोजीं प्रयोगाची मुदत संपली. उपग्रह उसना होता. मालकानें तो आपल्या जागीं परत नेला. कोलंबोंतील तबकडी शाबूत होती, वीज होती, पाहणारे होते, आणि पडद्यावर कांहीं नव्हतें. २४०० खेड्यांतहि तेंच. घरगुती उपग्रहसेवेचा विचार करतांना आपण छपरावरच्या छत्रीची किंमत विचारतों, वेग विचारतों. वर फिरणारें यंत्र कोणाचें आहे हें क्वचितच विचारतों. त्या प्रयोगानंतर आपण स्वतःची ‘इन्सॅट’ मालिका उभारली, १९८३ सालीं तिचा ‘१-बी’ हा उपग्रह यशस्वी रीतीनें कामाला लागला आणि घरोघरचे दूरचित्रवाणी-संच त्याच्या जोरावर चालूं लागले. उसन्या घोड्यावर मजल मारण्याचा अनुभव एकदां पुरे झाला होता.

उपग्रहाची खरी कसोटी आपल्या बेटांवर लागली ती इंटरनेटच्या काळांत. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सर्वांना खुलें झालें. मुख्य भूमीवर पुढें काचेच्या तंतूंच्या तारा, म्हणजे ऑप्टिकल फायबर, गांवोगांव पसरले. लक्षद्वीप व अंदमान यांना मात्र मुख्य भूमीशीं जोडणारा मार्ग वर्षानुवर्षें उपग्रहाचाच राहिला. लक्षद्वीपला या मार्गानें जी एकूण क्षमता मिळे ती सेकंदाला १·७ गिगाबिट एवढी होती. आंकडा कानाला मोठा वाटतो. पण २०११ च्या शिरगणतींत तेथील वस्ती सुमारें ६४ हजार होती. सगळ्यांनीं एकदम मागणी केली तर दर माणशीं सव्वीस किलोबिट हातीं येतात. एवढ्यांत आवाज कसाबसा जाईल, चित्राचें नांव नको. विद्यार्थ्याचा अर्ज, आजाऱ्याचे कागद, बँकेचा व्यवहार, सगळे एका अरुंद दारांतून वाट काढीत. ३ जानेवारी २०२४ रोजीं कोचीपासून अकरा बेटांपर्यंत १८६८ किलोमीटर लांबीची समुद्रतार सुरू झाली आणि ही क्षमता २०० गिगाबिटांवर गेली. आतां तोच भागाकार केला तर दर माणशीं तीन मेगाबिटांहून अधिक येतात. अंदमानची २३०० किलोमीटरांची तार त्यापूर्वीं, १० ऑगस्ट २०२० रोजीं, चेन्नईपासून सुरू झाली होती.

हें ऐकून कोणी म्हणेल कीं, वाद मिटला, पाणी जिंकलें. तसें नाहीं. लक्षद्वीपच्या तारेला सुमारें १०७२ कोटि रुपये लागले. त्याच ६४ हजारांनीं भागलें तर दर माणशीं दीड लाखाहून अधिक रुपये पडतात. अंदमानच्या १२२४ कोटींचा हिशेब वस्ती अधिक असल्यामुळें सौम्य येतो, तरी बत्तीस हजारांच्या घरांत जातो. हा खर्च कोणा कुटुंबाला करतां येणार नाहीं. तो राज्यानें करावयाचा आणि तो कधीं करावयाचा तेंहि राज्यानेंच ठरवावयाचें. तार ही साऱ्या गांवाची गोष्ट आहे. छत्री एका घराची. ज्या बेटावर चार-दोनशें उंबरे आहेत तेथें तारेची पाळी कधीं येईल याची वाट पाहत बसणें एखाद्या पिढीच्या आयुष्याला पुरतें. मुंबईच्या तोंडासमोरचें घारापुरी पाहा. तेथील लेणीं जगप्रसिद्ध. रोज बोटी भरून लोक जातात. पण त्या बेटावरील राजबंदर, मोराबंदर व शेतबंदर या तीन वाड्यांना समुद्रतळांतून कायमची वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारींत. तार जेमतेम साडेसात किलोमीटरांची! तोंवर संध्याकाळीं कांहीं तास डिझेलचें जनित्र चाले, तेवढाच उजेड.

शिवाय तार तुटते. ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्तजवळ भूमध्यसमुद्रांत दोन मोठ्या तारा एकाच वेळीं निकामी झाल्या आणि मुंबईंतील कचेऱ्यांचें काम कित्येक दिवस रेंगाळलें. मुंबईला दुसऱ्या वाटा होत्या म्हणून तें रेंगाळण्यावर निभावलें. प्रशांत महासागरांतील टोंगा या द्वीपराज्याला एकच वाट होती. १५ जानेवारी २०२२ रोजीं तेथें समुद्रांतल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला, तार छिन्नविच्छिन्न झाली, आणि परदेशांत राहणाऱ्या टोंगन कुटुंबांना आपलीं माणसें जिवंत आहेत कीं नाहींत हें प्रथम कळेचना. मुख्य तार दुरुस्त व्हावयास पांच आठवडे लागले. त्या अवधींत बोलणें चाललें तें उपग्रहांवरून, आणि ‘स्टारलिंक’ कंपनीनें दिलेले पन्नास संच तेथें बसविण्यांत आले. उपग्रहाची योग्यता त्या पांच आठवड्यांवरून मापावी, असें मला वाटतें.

हे जे नवे उपग्रह आहेत ते क्लार्कच्या उपग्रहांहून जातीनेंच भिन्न. ३६ हजार किलोमीटर वर जाऊन परत यावयास लहरीला सुमारें पाव सेकंद लागतो. प्रश्न गेला आणि उत्तर आलें कीं अर्धा सेकंद झाला. चित्रपट पाहणाराला त्याचें कांहीं वाटत नाहीं, पण संभाषणांत दोघे एकदम बोलूं लागतात व एकदम गप्प होतात. नवे उपग्रह अवघ्या साडेपांचशें किलोमीटरांवरून फिरतात. तेथें हा विलंब सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि बोलणें समोरासमोर बसल्यासारखें चालतें. मात्र इतक्या खालीं फिरणारा उपग्रह एका जागीं दिसत नाहीं. दीड तासांत तो पृथ्वीभोंवतीं फेरी घालतो. क्षितिजावर वर येतो आणि कांहीं मिनिटांत मावळतो. म्हणून एकाच्या जागीं हजारों उपग्रह लागतात, आणि घरावरच्या पाटीला जाणारा सोडून येणारा धरावा लागतो. घोडे बदलण्याचें काम आतां दिवसभर, पळापळाला चालतें.

बेटावरच्या गृहस्थानें संच घेण्यापूर्वीं आपलें आंगण नीट पाहावें. या पाटीला आभाळाचा मोठा तुकडा मोकळा लागतो, आणि कोंकणपट्टींतल्या घराभोंवतीं असतात माड. माडाची झावळी वाऱ्यानें हालली कीं संबंध तुटतो, पुन्हां जुळतो. माड तोडण्यापेक्षां पाटी उंच खांबावर चढवावी हें बरें. पाऊस ही दुसरी गोष्ट. या सेवा ज्या लहरी वापरतात त्या मुसळधार पावसांत क्षीण होतात. आषाढाच्या एखाद्या झडींत, नेमकी गरज असतांना, दहा-पंधरा मिनिटें कांहींच मिळूं नये असें होईल. खारा वारा लोखंडाला खातो, तेव्हां खिळे व जोड गंजणार नाहींत असे घ्यावे. आणि वीज. पाटी व तिचें यंत्र मिळून पन्नास ते शंभर वॅट सतत ओढतात. दिवसाचा हिशेब दीड-दोन युनिटांवर जातो. पुरांत अथवा वादळांत वीज हीच प्रथम जाते. सौर तावदान व विजेचा साठा करणारी बॅटरी नसेल तर आभाळांतला उपग्रह खुशाल फिरत राहील आणि घरांत अंधार असेल. २००५ सालीं मोबाइल मुके झाले ते याच कारणानें.

आणखी एक मर्यादा यंत्राच्या स्वभावांतच आहे. उपग्रहाची क्षमता खालच्या सबंध टापूला वांटली जाते. विरळ वस्तींत ती एका घराला भरपूर पुरते; दाट वस्तींत सगळ्यांनीं छत्र्या लावल्या तर लक्षद्वीपचाच भागाकार पुन्हां मांडावा लागेल. म्हणून उल्हासनगरच्या दाटींत, जेथें दारांत फायबर आलें आहे, तेथें कुटुंबानें हा खर्च करण्यांत अर्थ नाहीं. तेथें एखादें रुग्णालय, अग्निशमन दल, नगरपालिकेचें पूरनियंत्रण केंद्र यांनीं मात्र तारेच्या जोडीला एक आभाळाची वाट राखून ठेवावी. बेटावर शंभर घरांनीं शंभर संच घेण्यापेक्षां शाळेवर किंवा ग्रामपंचायतीवर एक चांगला संच बॅटरीसह बसवून तो वांटून घेणें अधिक शहाणपणाचें. एकाकी घर असेल, लेंकरें दूरदेशीं असतील, घरांत म्हातारें माणूस असेल, तर त्या घरानें तो स्वतःपुरता घ्यावा. तेथें तो खचित उपयोगी आहे.

सरकारची परवानगी हा भाग टाळतां येणार नाहीं. २००८ च्या नोव्हेंबरांत समुद्रमार्गानें आलेल्या हल्लेखोरांच्या नौकेंत उपग्रह-फोन सांपडला होता, आणि तेव्हांपासून अशा साधनांकडे राज्यकर्ते साशंकतेनें पाहतात. परदेशांतून कोणी आप्तानें आणलेला संच येथें परवान्याशिवाय चालविणें गुन्हा ठरतो, हें अमेरिकेस मुलें असलेल्या घरांनीं ध्यानांत ठेवावें. ‘स्टारलिंक’ला केंद्राचा परवाना २०२५ च्या जूनमध्यें मिळाला. त्याच वर्षीं ५ नोव्हेंबरला महाराष्ट्र शासनानें त्या कंपनीशीं इरादापत्रावर सह्या केल्या. असें करणारें हें देशांतलें पहिलें राज्य. कोलंबोच्या छत्रीची हकीकत ज्यांना ठाऊक आहे ते येथेंहि विचारतील कीं, वरचें यंत्र कोणाचें? तें परदेशी खाजगी कंपनीचें आहे, आणि म्हणूनच जी सेवा संकटकाळीं लागणार तिची सगळी भिस्त एकाच कंपनीवर ठेवूं नये.

त्या इरादापत्राच्या वेळीं जे दुर्गम जिल्हे नांवानिशीं सांगण्यांत आले ते गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम. चौघांपैकीं एकालाहि समुद्र नाहीं.